आकाशपाळण्यात लॅपटॉप: थीम पार्कमधून ऑफिस केलं त्या दिवसाची गोष्ट

(या भागात मी जे बोलले त्याचा हा लेखी मजकूर. मधले 'अं', 'म्हणजे' आणि एकदा वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसात कानात एकच इयरफोन घालून काम करतोय असं दाखवत असाल, तरी चालेल. आवाज थोडा वाढवा आणि ऐका.

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणाले होते, की मी एकदा आकाशपाळण्यात बसून ऑफिसची मीटिंग केली आहे. त्यानंतर तुमचे इतके व्हॉइस नोट आले! अर्ध्या लोकांना वाटलं मी थाप मारली. उरलेल्यांनी विचारलं, "ताई, नेट कुठलं होतं?" (हसते) आपली पिढी! माणूस चंद्रावर गेला तरी आधी विचारणार, तिथे रेंज येते का.

तर आज तीच गोष्ट. नेटचंही सांगते, शेवटी टिप्सही देते. पण मधे एक भाग आहे जो मी आजवर फारशा लोकांना सांगितलेला नाही. तोही आज सांगणार आहे.

गोष्ट २०२० ची, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली. तेव्हा आम्ही टोकियोत राहायचो, निशिकासाई भागात. तुमच्यापैकी ज्यांचं कोणी आयटीतलं जपानला गेलंय त्यांना हे नाव माहीत असेल. तिथे आपली माणसं पुष्कळ. साधारण २००० सालाच्या सुमारास भारतातून संगणकवाले यायला लागले आणि तिथेच राहायला लागले, कारण तिथून तोझाई लाइन पकडली की थेट ओतेमाची, म्हणजे ऑफिसांचा भाग. त्याच एदोगावा प्रभागातून २०१९ मध्ये मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले. म्हणजे तुम्हाला डाळ, कढीपत्ता, मराठीत भांडायला माणूस, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

नव्हती ती फक्त जागा. आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत नवरा, त्याचे कॉल. दुसऱ्या खोलीत सात वर्षांची लेक, तिची शाळा तेव्हा अर्धी ऑनलाइन. आणि मी? मी स्वयंपाकघराच्या टेबलावर. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन. माझ्या क्लायंटला माझ्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या पाठ झाल्या होत्या. भिंती इतक्या पातळ की शेजारचे आजोबा शिंकले तर आम्ही इकडे दचकायचो.

एप्रिलमध्ये टोकियोत आणीबाणी जाहीर झाली, मेच्या शेवटी उठली. पण ऑफिसं काही पूर्ववत झाली नाहीत. जपानसारख्या देशात, जिथे कागदावर शिक्का मारायला लोक तेवढ्यासाठी ट्रेनने ऑफिसला जात होते, तिथे घरून काम म्हणजे मोठी उलथापालथ होती. आणि इकडे पर्यटन पार झोपलेलं. हॉटेलं रिकामी, बागा रिकाम्या, पाळणे रिकामे. जुलैत सरकारमधले सुगा, जे पुढे सप्टेंबरमध्ये पंतप्रधान झाले, त्यांनी सांगायला सुरुवात केली की लोकांनी 'वर्केशन' करावं. वर्क आणि व्हेकेशन एकत्र. सुट्टीच्या जागी जा, तिथूनच काम करा. म्हणजे ऑफिसचं काम थांबायला नको आणि हॉटेलवाल्याचं पोटही भरायला हवं.

ही हवा असतानाच योमिउरीलँडची जाहिरात आली. हे टोकियोच्या पश्चिमेला असलेलं जुनं मनोरंजन पार्क, १९६४ चं. रोलर कोस्टर, आकाशपाळणा, उन्हाळ्यात पोहायचे मोठे तलाव. त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यावर योजना काढली: आमच्या पार्कात या आणि काम करा. हंगाम संपल्यामुळे तलाव बंद, तर तलावाच्या काठावर टेबल-खुर्ची, प्लग, वायफाय. आणि गंमत म्हणजे त्याच तिकिटात तासभर आकाशपाळणा. पाळण्यात चालावं म्हणून हातात मावेल एवढं वायफायचं यंत्रही देणार. किंमत आठवड्यातल्या दिवशी १,९०० येन.

मी ती जाहिरात नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "जा." मला वाटलं चेष्टा करतोय. तर म्हणाला, "खरंच जा. तू दीड महिना झाला, नीट बोलत नाहीयेस."

ते ऐकून मी विषय बदलला. पण बुधवारचं तिकीट काढलं.

सकाळी निघाले. तोझाई लाइनने कुदानशिता, तिथे गाडी बदलली आणि पुढे केइओची गाडी. केइओ-योमिउरीलँड स्टेशनवरून टेकडीवर जायला गोंडोला आहे. पाठीवर लॅपटॉपची बॅग, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. गोंडोलात माझ्यासमोर एक जोडपं होतं, मुलीच्या डोक्यावर सशाचे कान. मी मात्र ऑफिसचे कपडे घातलेले, कारण कॅमेरा लागला तर? आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. मास्कमधून, फक्त डोळ्यांनी.

तलावाकाठी बसले. पाहिलं सांगते: छान होतं. ऑक्टोबरचं टोकियो म्हणजे निळंभोर आकाश, हलकी थंडी. निळ्या रिकाम्या तलावाकडे बघत मी मेल उघडले. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. मग ऊन फिरलं. स्क्रीनवर मला माझंच तोंड दिसायला लागलं, कोड काही दिसेना. खुर्ची फिरवली तर वायर पुरेना. तेवढ्यात डोक्यावरून 'बँडिट' गेला. तिथला रोलर कोस्टर, ताशी ११० किलोमीटर. धडधडधड करत गेला आणि मी कॉलवर म्युट व्हायच्या आत तिकडून क्लायंट म्हणाला, "भूकंप आहे का?"

पण एक विचित्र गोष्ट लक्षात आली. एवढी गाडी डोक्यावरून गेली, पण किंचाळ्या नाहीत. जवळजवळ शांत. त्या वर्षी तिथल्या थीम पार्कच्या संघटनांनी नियमावली काढली होती, की पाळण्यावर ओरडणं टाळा, तुषार उडतात. फुजी-क्यू पार्कच्या दोन बड्या अधिकाऱ्यांनी तर स्वतः मास्क लावून, सूट घालून, रोलर कोस्टरमध्ये बसून व्हिडिओ काढला होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता दोघं पूर्ण फेरी मारतात, आणि शेवटी सांगतात की किंचाळायचं असेल तर मनातल्या मनात किंचाळा. तो व्हिडिओ जगभर फिरला. आम्हीही घरी तीनदा बघून हसलो होतो.

त्या दिवशी तलावाकाठी बसून मला हसू नाही आलं. का ते सांगते.

सप्टेंबरच्या मध्यावर माझा मामा गेला. सातारा जिल्ह्यात, आमच्या आजोळी. कोविड. तुम्हाला ते दिवस आठवत असतील, सातारा-सांगलीकडे तेव्हा काय चाललं होतं. अंत्यविधीला दोन मुलगे, तेही लांब उभे. मला कळलं ते व्हॉट्सॲपवर, दुपारी, मी कॉलवर असताना. स्क्रीनवर वरून मेसेज आला, 'दादा गेले', आणि मी समोरच्याला सांगत होते की हा दोष पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त होईल. वाक्य पूर्ण केलं मी. पुढचे वीस मिनिटं कॉलही पूर्ण केला.

मग मामीला फोन करायचा होता. तर एका खोलीत लेकीचा वर्ग, दुसरीत नवऱ्याची मीटिंग. मी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, दबक्या आवाजात बोलले. दोन मिनिटं. "मामी, काळजी घे, मी नंतर करते." ते 'नंतर' दीड महिना आलं नाही. रात्री मी मोकळी व्हायचे तेव्हा लेक शेजारी झोपलेली. दिवसा आवाज बाहेर जायची भीती. रडायलासुद्धा एक खोली लागते हो. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

ऑफिसात सांगितलं नाही. कंपनीच्या नियमात सुतकाच्या रजेचा तक्ता होता: आई-वडील इतके दिवस, आजी-आजोबा इतके. त्यात मामा नव्हता. आता मामा म्हणजे काय, हे त्या तक्त्याला मी कसं समजावणार? माझे वडील नोकरीनिमित्त फिरतीवर असायचे. माझी दहावीपर्यंतची प्रत्येक सुट्टी मामाकडे गेली. म्हटलं, जाऊ दे. कामच करू.

तर, दोन वाजता माझी आकाशपाळण्याची वेळ होती.

योमिउरीलँडचा तेव्हाचा आकाशपाळणा ६१ मीटर उंच होता. बंद डबा, समोरासमोर बाकं, खिडक्या. तिथल्या कर्मचारी मुलीने मला ते वायफायचं यंत्र दिलं, दार लावलं, वाकून नमस्कार केला. एक फेरी बारा-पंधरा मिनिटांची, म्हणजे तासात चार-पाच फेऱ्या. अडीचला माझी मॅनेजरबरोबर दर आठवड्याची मीटिंग होती आणि ती वरून करायची, स्क्रीनशॉट काढायचा, आपल्या ग्रुपवर टाकायचा, असा माझा बेत.

पहिल्या फेरीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केलं. केलं म्हणजे, प्रयत्न केला. डबा सावकाश फिरतो, पण तुम्ही स्क्रीनकडे बघत राहिलात तर पोटात ढवळतं. घाटात गाडीत वाचल्यासारखं. लॅपटॉप मिटला. बाहेर पाहिलं. लांब शिंजुकूचे टॉवर दिसत होते, खाली झाडं, आणि पार्कातलं संगीत अगदी बारीक ऐकू येत होतं.

आणि मला पुसेगाव आठवलं. सेवागिरी महाराजांची यात्रा. मार्गशीर्षातली थंडी, बैलबाजार, धूळ, गोडी शेव आणि तो करकरणारा पाळणा. मामाला उंचीची भीती. तो कधी बसायचा नाही. माझं तिकीट काढायचा, माझ्या चपला हातात घेऊन खाली उभा राहायचा, आणि माझा पाळणा खाली आला की दर फेरीला ओरडायचा, "धर घट्ट!" सात फेऱ्या असतील तर सात वेळा.

सव्वादोन वाजले होते. भारतात पावणेअकरा. मी मामीला फोन लावला.

"कोण? आगं, कुठनं बोलतीस? कामात न्हाईस का आज?"

मी म्हटलं, "न्हाई मामी. आज वेळ आहे. सांग."

ती म्हणाली, "काय सांगू?"

मी म्हटलं, "सगळं."

आणि तिने सांगितलं. ताप कधी आला, गाडी कशी मिळेना, तीन ठिकाणी फिरून कुठे खाट मिळाली, शेवटी फोनवर काय बोलले. मग म्हणाली, "तुला कळवायचं म्हणत होते मी, आजारी पडले तवाच. तर हे म्हणाले, तिला सांगू नगा, लांब हाय, काम आसतंय तिला, उगा घोर लागंल."

मंडळी, इथे मी रडले. दीड महिन्यानंतर, मोठ्याने. किंचाळले म्हणा. साठ मीटरवर, बंद डब्यात, जिथे माझा आवाज ना लेकीला ऐकू जाणार होता ना शेजारच्या आजोबांना. मामीही तिकडे रडत होती. आम्ही दोघी काही बोलत नव्हतो. फोन चालू होता.

डबा खाली आला. फलाटाजवळून तो हळू जातो, तेव्हा कर्मचारी खिडकीतून बघतात, उतरायचं आहे का म्हणून. त्या मुलीने मला पाहिलं. मास्क हनुवटीवर, डोळे सुजलेले, कानाला फोन. मला वाटलं आता दार उघडणार, विचारणार. तिने दाराला हात लावला नाही. दोन पावलं मागे झाली, खाली वाकली, आणि डबा तसाच वर जाऊ दिला.

मी आजवर कधी कोणाची इतकी ऋणी झाले नसेन.

अडीच वाजले. मामीला म्हटलं, "रविवारी करते, नक्की." आणि रविवारी केला, हे सांगून ठेवते.

मीटिंग उघडली. कॅमेरा बंद. मॅनेजर जपानी, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी कामाची यादी सुरू केली. मी म्हटलं, "माफ करा, आधी एक सांगायचंय. सहा आठवड्यांपूर्वी माझा मामा वारला. मी सांगितलं नव्हतं."

बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "रजेच्या तक्त्यात मामा नाही."

ते म्हणाले, "तक्त्यात नाही, पण तुमची स्वतःची रजा शिल्लक आहे ना? उद्या आणि परवा घ्या. काम मी बघतो." पुन्हा थांबले. मग म्हणाले, "एक विचारू? मागे संगीत कसलं वाजतंय?"

मी म्हटलं, "मी आकाशपाळण्यात आहे."

पुन्हा शांतता. आणि मग ते हसले. मी त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा हसताना ऐकलं. म्हणाले, "वरून दिसतंय का काही?" मी म्हटलं, "शिंजुकू." म्हणाले, "मग ही यादी शुक्रवारनंतर पाहू. तुम्ही शिंजुकू पाहा."

स्क्रीनशॉट राहिलाच.

तर मंडळी, ही ती गोष्ट. आता तुमचा प्रश्न: थीम पार्कमधून काम करावं का?

खरं सांगू? ऑफिस म्हणून ती जागा भिकार आहे. त्या दिवशी माझं निम्मंही काम झालं नाही. आणि एक खटकतंही. जिथे माणसाने काम विसरायला जायचं, तिथेही लॅपटॉप नेला, तर विसरायची जागा उरली कुठे? अमेरिकेत वार्षिक पास काढलेले लोक डिस्नेच्या हॉटेलांच्या लॉबीत बसून काम करतात, संध्याकाळी एखादी राइड मारून घरी जातात. ते बघायला मजेशीर वाटतं. पण पोरगं राइडच्या रांगेत आणि बाप कॉलवर, हे चित्र मी योमिउरीलँडलाही त्या दिवशी पाहिलं. पोरगं दर पाच मिनिटांनी वळून बघत होतं. त्यामुळे माझा नियम साधा आहे: पोरांना घेऊन गेलात तर लॅपटॉप नको. लॅपटॉप नेलात तर पोरं नकोत.

तरीही कोणाला करायचंच असेल, खोपोलीच्या इमॅजिकाला किंवा आणखी कुठे, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

एक, आधी कंपनीला विचारा. क्लायंटचा डेटा सार्वजनिक वायफायवर उघडायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. मी लेखी परवानगी घेतली होती, कंपनीचं व्हीपीएन लावलं होतं, आणि गोपनीय असं काही त्या दिवशी उघडलंच नाही. शेजारच्या टेबलावरून तुमची स्क्रीन दिसते, हे विसरू नका.

दोन, सावली शोधा. भिंतीला पाठ करून बसा, म्हणजे स्क्रीनवर उजेडही पडत नाही आणि मागून कोणी डोकावतही नाही. बॅटरी भरून न्या, पॉवर बँक न्या, प्लग मिळेल असं धरून चालू नका.

तीन, बोलायचं काम कमी आणि वाचायचं-लिहायचं काम जास्त असेल तो दिवस निवडा. रोलर कोस्टरजवळ बसू नका. क्लायंट घाबरतात.

चार, फिरत्या वस्तूत बसून स्क्रीन बघू नका. पोळी-भाजी बाहेर येते. (हसते)

आणि पाचवी गोष्ट, ही थीम पार्कबद्दल नाहीये. त्या दिवशी मला १,९०० येनमध्ये जे मिळालं ते ऑफिस नव्हतं आणि सुट्टीही नव्हती. एक बंद होणारं दार होतं, तासाभरासाठी. तुमच्यातले कितीतरी जण वन बीएचकेमध्ये पाच माणसांत राहून काम करताय, मला माहीत आहे, तुम्हीच लिहिता. तुमचं दार कुठे आहे? गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे असेल. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत असेल. दुपारचं रिकामं देऊळ असेल. शोधून ठेवा. लागतं ते. आणि एखादा फोन 'नंतर करते' म्हणून राहिला असेल, तर तिथे जाऊन आधी तो करा.

मला तुमच्या जागा ऐकायला आवडतील. एक मिनिटाचा व्हॉइस नोट पाठवा: तुम्ही कुठे जाऊन मनमोकळं बोलता? पत्ता नको, नाहीतर सगळे तिथेच येतील. (हसते) पुढच्या भागात त्यातले काही ऐकवेन.

आणि हो, यंदा पुसेगावच्या यात्रेला जायचं ठरवलंय. लेकीला पाळण्यात बसवायचं आहे. मी बसणार नाही. तिच्या चपला हातात घेऊन खाली उभी राहणार आहे.

चला, भेटू पुढच्या बुधवारी. काळजी घ्या.